‘काहीतरी चांगलं सुचवा ना’

सार्वजनिक ग्रंथालयात नव्या पुस्तकांचं कपाट दर्शनी भागात असतं. काच, आत दिवा, कव्हरं समोर येतील अशी मांडणी. पण रोजचा वाचक आत शिरला की आधी वळतो तो देवघेवीच्या टेबलाकडे. तिथे नुकती परत आलेली, अजून जागेवर न लागलेली पुस्तकं पडलेली असतात. कपाटातली पुस्तकं समितीने निवडलेली असतात. ही मात्र कुणीतरी पिशवीत घालून घरी नेलेली असतात. कुणी नेली ते कळत नाही, पण आपल्यासारखीच वर्गणी भरणाऱ्या कुणाला तरी ती न्यावीशी वाटली, एवढी शिफारस पुष्कळांना पुरते.

त्यातलं पुस्तक उचलल्यावर मुरलेला वाचक मलपृष्ठावरचं कौतुक वाचत बसत नाही. तो शेवटचं पान उघडून पुस्तक परत करायच्या तारखांची चिठ्ठी बघतो. जांभळ्या शाईचे शिक्के, काही तिरके, काही एकमेकांवर चढलेले. एक चिठ्ठी भरली की तिच्यावरच दुसरी डकवलेली. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने आठ-दहा तारखा आणि मग तीन वर्षं शुकशुकाट असेल, तर पुस्तक नवं असताना किंवा एखादा पुरस्कार मिळाला तेव्हा झुंबड उडाली आणि ओसरली. याउलट वर्षाला तीन-चारच तारखा, पण अशा सलग पंधरा वर्षं दिसल्या, तर पुस्तक डोळे झाकून घ्यावं. त्याची जाहिरात कुणी करत नाहीये. एक वाचक दुसऱ्याला सांगतोय आणि एवढी वर्षं ते चाललंय.

चिठ्ठी पुस्तक नेल्याचं सांगते, वाचल्याचं नाही. त्यासाठी पुस्तक मिटून पानांची कड बघायची. हाताळून हाताळून कड काळपट होत जाते. ती शेवटपर्यंत सारखी मळलेली असेल तर नेणाऱ्यांनी पुस्तक पुरं केलं. पहिली साठ-सत्तर पानं मळकी आणि पुढे एकदम पांढरीफटक असतील, तर बहुतेकांनी तिथेच हात टेकले. ते साठावं-सत्तरावं पान उघडून बघितलं की कारणही अनेकदा सापडतं: गावाचा पंधरा पानी इतिहास, नाहीतर अचानक दाखल झालेली पात्रांची नवी फौज.

आता बऱ्याच ग्रंथालयांत बारकोड आले. पुस्तक कितीदा बाहेर गेलं ते संगणकाला ठाऊक असतं, वाचकाला दिसत नाही. चिठ्ठीचं, म्हणजे पुस्तक सुचवण्याचं, काम त्यामुळे पूर्णपणे माणसांवर येऊन पडलंय, आणि माणसं ते फारसं नीट करत नाहीत.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हा दुसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा तिसरा. हे दोन नियम पुस्तकं सुचवणारे आपण सगळे मोठ्या उत्साहाने पाळतो. चौथा नियम मात्र सोयीस्कर विसरतो: वाचकाचा वेळ वाचवा.

वेळेचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. नेहमीच्या (डेमी) आकाराच्या मराठी पुस्तकाच्या एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. निवांत वाचणारा माणूस मिनिटाला दीडशे ते दोनशे शब्द वाचतो, म्हणजे एका पानाला दीड-दोन मिनिटं. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपून रोज अर्धा तास मिळत असेल, तर पंधरा-वीस पानं होतात. साडेचारशे पानांची कादंबरी ‘अरे, वाचूनच टाक’ म्हणून आपण सुचवली, की समोरच्याच्या पंचवीसेक रात्री आपण मागून घेतल्या. ग्रंथालयाची मुदत पंधरा दिवसांची असेल तर एकदा नूतनीकरण आलंच.

म्हणून सुचवण्याआधी विचारावं. ‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न मात्र कुचकामी आहे. त्याला लोक परीक्षेत द्यावं तसं उत्तर देतात आणि चार वजनदार नावं सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘अलीकडे अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं?’ असं विचारलं की माणूस खुलतो. टाईप बारीक होता, नावं लक्षात राहिना, सारखं कुणीतरी मरतंय, संवादच कळेना. यातल्या प्रत्येक उत्तरावर पुढचं पुस्तक वेगळं ठरतं. संवादाची तक्रार असेल तर बोलीची अडचण आहे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी कानावरून न गेलेला वाचक दहाव्या पानावर अडतो. अशाला बोलीतलं पुस्तक सुचवायचंच असेल तर सोबत एक उपाय सांगावा: पहिली पंधरा पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानावर पडला की निम्म्या वेळा आपोआप उलगडतो, आणि तोवर लयही बसते.

दुसरा प्रश्न, वाचता कधी आणि कुठे? डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने सव्वा तास जाणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. त्याला पुठ्ठा बांधणीचं सहाशे पानी पुस्तक चालत नाही, दहा-बारा पानांच्या कथांचा पातळ संग्रह चालतो. ठाण्याच्या आत एक कथा, दादरच्या आत दुसरी. रात्री आडवं होऊन वाचणाऱ्याची तऱ्हा वेगळी. सातशे पानांचं पक्क्या बांधणीचं पुस्तक किलोच्या आसपास भरतं आणि ते छातीवर पेलत वाचणं सत्तरीतल्या माणसाला जमत नाही. त्या वयाला विषयाच्या आधी टाईप बघावा. जुन्या आवृत्त्यांची अक्षरं बारीक, ओळी दाटीवाटीच्या आणि कागद पिवळा पडलेला. त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती मोठ्या टाईपात असेल तर ‘नवीच आवृत्ती मागा’ एवढं एक वाक्य निम्मी शिफारस आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना हौसेने पुस्तकं भेट देणाऱ्यांनी तर हे हमखास पाहावं.

मग सुचवायचं, ते एकच पुस्तक. फार तर दोन: एक हमखास आवडेल असं आणि एक जरा ताण देणारं. दहा नावांच्या यादीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो लग्नांच्या फोटोंखाली गडप होतो. पुस्तकांच्या चळतीचे फोटो तर आणखी वाईट. कण्यावरची नावं अर्धी उलटी, अर्धी उजेडात पुसलेली, आणि वर मजकूर: ‘या महिन्याचं वाचन’. यात सुचवणं कमी आणि दाखवणं जास्त असतं. असो.

‘अप्रतिम! निःशब्द! प्रत्येकाने वाचलंच पाहिजे असं’ या वाक्यात पुस्तकाबद्दल काहीच नाही. उपयोगी मजकूर साधारण असा असतो: ‘कादंबरी, २८० पानं. तळकोकणातलं एक घर, तीन पिढ्या. पहिल्या चाळीस पानांत माणसं फार येतात, कागदावर नात्यांचा तक्ता काढून ठेवा, मग सोपं जातं. संवाद मालवणीत, निवेदन प्रमाण मराठीत. खरी पकड ७० व्या पानापासून. एका लहान मुलाचा मृत्यू आहे, ते वाचणं जड जाणार असेल तर आत्ता नको. वेगवान कथानक हवं असणाऱ्याने हात लावू नये. आपल्या ग्रंथालयात दोन प्रती आहेत.’ एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं की हे आपलं आहे की नाही.

यातलं ‘कुणी हात लावू नये’ हे वाक्य लोक गाळतात, आणि शिफारशीचा कणा तेच असतं. कुणासाठी नाही हे ज्याला सांगता येतं, त्याने पुस्तक खरोखर वाचलेलं असतं. मलपृष्ठ वाचून सुचवणारा इथे पकडला जातो. मृत्यूचा उल्लेख केला तर कथानक फुटतं, अशी तक्रार येते. त्यावर साधा तोडगा असा, की घटना कोणत्या प्रकारची ते सांगायचं. कोणाच्या बाबतीत, केव्हा आणि कशी ते सांगायचं नाही. रहस्यकथेत मात्र तेवढंही नको. तिथे ‘शेवट फसवा नाही’ किंवा ‘शेवट ओढूनताणून आहे’ एवढ्यावर थांबावं.

परीक्षण आणि सुचवणं यांत बरेच जण गल्लत करतात. परीक्षण पुस्तकाबद्दल असतं आणि ते हजारोंसाठी लिहिलेलं असतं. त्यासाठी आपल्याकडे ‘ललित’सारखं पुस्तकांच्या जगाला वाहिलेलं मासिक १९६४ पासून आहे. सुचवणं एका माणसासाठी असतं. मैत्रिणीला पुस्तक सुचवताना त्याचं मराठी कादंबरीच्या परंपरेतलं स्थान सांगायची गरज नसते. तिच्या पुढच्या आठवड्यात ते बसतं का, एवढं सांगायचं असतं.

अनुवादित पुस्तक सुचवताना अनुवादकाचं नाव सांगितलं नाही, तर शिफारस अर्धवट राहते. बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठी घरांत पोचले ते मामा वरेरकरांच्या अनुवादांतून. कन्नड कादंबरीकार भैरप्पा म्हटलं की वाचक उमा कुलकर्णी यांचं नाव शोधतो. अशा वाचकांनी लेखकाइतकाच अनुवादकही निवडलेला असतो. एकाच रशियन किंवा इंग्रजी कादंबरीचे दोन-तीन मराठी अनुवाद बाजारात असतात आणि त्यातला एखादा संक्षिप्त असतो. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर क्वचितच सापडतो. शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरांत किंवा प्रस्तावनेच्या चौथ्या परिच्छेदात तो दडलेला असतो. मूळ कादंबरी आठशे पानांची आणि मराठी अवतार दोनशे चाळीस पानांचा दिसला, तर हे मागचं पान उघडावं. ‘मला नाही आवडलं बुवा, फारच तुटक वाटलं’ असं कुणी म्हणालं तर आधी त्याने कोणता अनुवाद वाचला ते विचारावं.

यानंतरची अडचण म्हणजे पुस्तक मिळणं. मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वीपासून हजार प्रतींची धरली जाते, आता पाचशेची किंवा त्याहूनही लहान निघते. ती संपली की पुढची केव्हा येईल ते प्रकाशकालाही सांगता येत नाही. तेव्हा भरभरून बोलण्याआधी पुस्तक बाजारात आहे का ते पाहून घ्यावं. आधी आपल्या ग्रंथालयाची सूची, मग प्रकाशकाला फोन, मग पुण्यात अप्पा बळवंत चौकातली किंवा मुंबईत दादरची दुकानं, आणि शेवटी रद्दीवाले व जुन्या पुस्तकांचे विक्रेते. ऑनलाइन शोधताना पुस्तकाच्या नावाने शोधलं तर ऱ्हस्व-दीर्घाच्या किंवा जोडशब्दाच्या फरकाने ते हुलकावणी देतं. लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनाचं नाव टाकलं की लवकर सापडतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर प्रश्नच मिटतो. २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला आणि भारतीय पुस्तकांवर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. साठ-सत्तर सालच्या मराठी पुस्तकावर तो शोधत बसू नये, तिथे तो नसतोच.

पुस्तक मिळत नाही म्हटलं की व्हॉट्सॲपच्या गटात कुणीतरी पीडीएफ टाकतं आणि खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागते. इथे कायदा माहीत असलेला बरा. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ च्या अखेरपर्यंत हक्कात आहे. अनुवादात अनुवादकाचा हक्क वेगळा चालतो, मूळ लेखक कितीही जुना असला तरी. आणि ज्या हयात लेखकाची पाचशेची आवृत्ती अजून गोदामात आहे, त्याच्या पुस्तकाची पीडीएफ दोनशे माणसांच्या गटात फिरली, की दुसऱ्या आवृत्तीची आशा सोडायची. एवढं करून वर ‘मराठी पुस्तकं निघत नाहीत हो आता’ ही हळहळ ऐकायला मिळते ती निराळीच.

दिवाळी अंकांची शिफारस वेगळ्या पद्धतीने करावी लागते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर शरदात मराठी माणसापुढे हाच पेच आहे: घ्यायचा कोणता? अंक सुचवू नये, मजकूर सुचवावा. अंकाचं नाव, लेखाचं नाव, पान क्रमांक, आणि लेख आहे की कथा, बस. दोन-अडीचशे पानांच्या जाडजूड अंकात वाचण्यासारखं ऐंशी पानं निघालं तरी अंक चांगला म्हणायचा. ग्रंथालयांच्या दिवाळी अंक योजनेत ठरावीक रकमेत अंक आळीपाळीने फिरतात आणि नवाकोरा अंक हाती यायला पौष-माघ उजाडतो. म्हणून आपल्या हातून गेलेल्या अंकांतल्या लेखांची पान क्रमांकांसह टिपणी कागदावर करून पुढच्याला द्यावी. अंकावरच पेन्सिलीने खुणा करणारे थोर लोक असतात. ग्रंथपाल त्यांना ओळखून असतो.

समोरासमोर बसून सुचवायचं असेल तर आठ ते बारा माणसं पुरेत. दहा जण, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं, आणि मग चहा. पाच मिनिटांतलं एक मिनिट पुस्तक काय आहे यासाठी, एक मिनिट कुणासाठी आहे-नाही यासाठी, आणि मधे एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. दीडशे शब्दांचा परिच्छेद वाचायला साधारण सव्वा मिनिट लागतं. तो पहिल्या पानावरचा घेऊ नये, कारण पहिलं पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं. शेवटचा घेणं तर गुन्हाच. पुस्तकाच्या पाव ते एक तृतीयांश भागात कुठेतरी लेखकाची रोजची चाल दिसते. तिथला, एखादी साधी गोष्ट सांगणारा परिच्छेद घ्यावा. स्वयंपाकघराचं वर्णन, एसटीतला प्रवास, दोघांचं किरकोळ भांडण. तो ऐकून खोलीतले दोघे ‘पुढचं वाचा ना’ म्हणतात आणि चौघे गप्प राहतात. पुस्तक त्या दोघांचं. उरलेल्या वेळात प्रश्न.

बैठक बिघडते ती दोन प्रकारच्या माणसांमुळे. एक, सगळी गोष्ट सांगणारा. त्याला घड्याळ दाखवता येतं. दुसरा, न वाचता मत असणारा, आणि त्याला आवरणं अवघड असतं. ‘ज्याने पुस्तक वाचलंय त्यानेच त्याबद्दल बोलायचं, इतरांनी फक्त विचारायचं’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकावा, म्हणजे पुढे कुणाला तोडून बोलावं लागत नाही. लेखक ओळखीचा असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगावं. मित्राचं पुस्तक सुचवण्यात काही गैर नाही, पण मैत्री लपवून सुचवलं आणि नंतर कळलं, की त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या शिफारशींवरून विश्वास उडतो.

पुस्तक भिशी हाही चांगला प्रकार आहे. बारा जणांनी महिन्याला तीनशे रुपये काढले की ३६०० जमतात. चिठ्ठी ज्याची निघेल त्याने तेवढ्याची पुस्तकं घ्यायची. पुस्तकाची किंमत तीनशे-चारशे धरली तर दहाएक पुस्तकं येतात. ती आधी गटात फिरतात, वर्षअखेरीला मालकाकडे परत जातात. बारा महिन्यांत शंभराहून जास्त पुस्तकं गटात येतात, एकट्याच्या खिशाला हे झेपणारं नाही. फसतं ते दोन ठिकाणी. ज्यांची भिशी लागून गेली ती मंडळी सातव्या-आठव्या महिन्यापासून ढिली पडतात, तेव्हा तीन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतलेले बरे. आणि प्रत्येकाने फक्त स्वतःच्या आवडीची पुस्तकं आणली तर गटात एकाच चवीचा भरणा होतो. दहातली दोन तरी दुसऱ्याने सुचवलेली हवीत असं ठरवून घ्यावं.

गावागावांत पेट्या फिरवण्याची पद्धतही रुळली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे काही महिने राहते, मग बदलून दुसरी येते. या पेट्या दुबईपर्यंत गेल्या आहेत. परदेशी राहणाऱ्यांना पुस्तक सुचवताना वजनाचा विचार सुटत नाही. भारतातून परतताना बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलोची, त्यात लोणचं, भाजणी आणि मुलांचे कपडे. दोनशे पानी कागदी बांधणीचं पुस्तक अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतं, तेव्हा दहा पुस्तकांना तीन किलो धरावेत. ई-पुस्तक असेल तर त्यांना तेच सुचवावं आणि बॅगेत फक्त जी कागदावरच मिळतात ती जाऊ द्यावीत. तिथल्या ज्या मुलांना मराठी समजतं पण देवनागरी अडखळत वाचता येते, त्यांना वयाप्रमाणे पुस्तक देऊन चालत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलाचं पुस्तक दिलं की तो विषयाला कंटाळतो, त्याच्या वयाचं दिलं की लिपीला. इथे आईने किंवा आजोबांनी वाचून दाखवायचं, आणि मुलाने प्रत्येक पानाचा शेवटचा परिच्छेद वाचायचा, असं वाटून घेतलेलं बरं. देशातच कुणाला पुस्तक धाडायचं तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा मे २०२५ पासून आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तक रस्त्याने-रेल्वेने जातं, त्यामुळे वाढदिवसाची भेट असेल तर आठवडाभर आधी टाकावं.

स्वतःचीच प्रत देऊन सुचवणं हा सर्वांत जोरकस प्रकार आणि भांडणाचंही मूळ. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवत. पुस्तक म्हणतं, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तिन्हींवर प्लॅस्टिकचं कव्हर हा इलाज आहे. चौथ्यासाठी वही ठेवावी: पुस्तक, कुणाला दिलं, तारीख. पुस्तक देताना घेणाऱ्याच्या हातात असतानाच मोबाइलवर फोटो काढला तर वहीचंही काम होतं आणि मागताना तोच फोटो ‘अरे, हे आठवतंय का?’ म्हणून पाठवता येतो. लेखकाच्या सहीची किंवा आता न मिळणारी प्रत देऊच नये, तिच्यासाठी घरी येऊन वाचायला सांगावं.

सोळाव्या वर्षी वेड लावलेलं पुस्तक पंचेचाळिसाव्या वर्षी कुणाला सुचवण्याआधी त्याची तीस पानं पुन्हा वाचावीत. आवडलेलं काय होतं, पुस्तक की ते वय, हे तेवढ्यात कळतं. आणि ज्याच्या घरात नुकताच कुणाचा मृत्यू झालाय अशा माणसाला मृत्यूवरचं पुस्तक नेऊन देण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती बंद व्हायला हवी. त्या दिवसांत दोन पानांच्या पलीकडे लक्ष लागत नाही. हलकीफुलकी लघुनिबंधांची, प्रवासाची, कुठूनही उघडावीत अशी पुस्तकं ठेवून यावं आणि परत मागायची घाई करू नये.

पुस्तक दिल्यावर ‘वाचलंत का?’ असं विचारू नये, विशेषतः वडीलधाऱ्यांना. आत्याबाईंनी आपण दिलेलं पुस्तक टीव्हीशेजारी ठेवलंय आणि आपण गेलो की त्या ओशाळतात, हे कुणालाच सुखाचं नसतं. त्यांनी आपणहून विषय काढला आणि ‘नाही गं जमलं’ म्हणाल्या, तर मात्र एकच विचारावं: कितव्या पानापर्यंत गेलात? विसाव्या पानाच्या आत सोडलं असेल तर भाषा किंवा टाईप आडवा आला. त्याच विषयावरचं दुसऱ्या लेखकाचं, मोठ्या अक्षरांतलं बघावं. शंभर-सव्वाशेवर सोडलं असेल तर लेखक पटला पण पसारा झेपला नाही. त्याच लेखकाच्या कथा किंवा एखादी छोटी कादंबरी द्यावी. शेवटचा चतुर्थांश उरला असताना सोडलं असेल तर पुढे काय होणार ते त्यांना कळून चुकलं होतं आणि ते बघायचं नव्हतं. त्यांना दुसरं काही सुचवायची घाई नको. ते पुस्तक त्यांच्याकडेच महिनाभर राहू द्यावं, आणि ग्रंथालयाचं असेल तर मुदत वाढवून घ्यावी.